व्यावसायिक पटकथा-वाचक: पात्रता कशात पाहावी?

पश्चिमद्रुतगती

मुंबईत पटकथा वाचून अभिप्राय देणे हे आता स्वतंत्र काम झाले आहे. निर्मितीसंस्था आणि ओटीटी कंपन्यांच्या डेव्हलपमेंट विभागांत, म्हणजे संहिता निवडून घडवणाऱ्या विभागांत, येणारी संहिता सर्वांत आधी कोणीतरी एक माणूस वाचतो, तिच्यावर दोन-चार पानांचा अहवाल लिहितो, आणि बहुतेक वेळा ती पुढच्या टेबलावर जाणार की नाही हे त्या अहवालावरूनच ठरते. शिवाय लेखकांकडून थेट शुल्क घेऊन अभिप्राय देणारे सल्लागारही अंधेरी-वर्सोव्याच्या पट्ट्यात बरेच झाले आहेत. वकिलाला सनद असते, लेखापालाला परीक्षा असते. पटकथा वाचणाऱ्याला यांपैकी काहीच नसते, तरीही एखाद्या लेखकाची दोन-तीन वर्षांची मेहनत त्याच्या एका वाक्यावर अडू शकते.

म्हणून हा धागा. नव्या लेखकाने शुल्क भरण्यापूर्वी आणि निर्मात्याने वाचक नेमण्यापूर्वी नेमके काय तपासावे? पुण्याच्या एफटीआयआयची किंवा गोरेगावच्या व्हिसलिंग वुड्सची पदविका, स्वतःच्या नावावरचे चित्रपट, आजवर वाचलेल्या संहितांची संख्या, की आणखी काही? माझे मत असे होत आले आहे की पात्रता परिचयपत्रात न शोधता त्या माणसाच्या अहवालात शोधावी. या मताला आधार देणारे किंवा ते खोडून काढणारे अनुभव हवे आहेत.

नेपथ्य

मी एका निर्मितीसंस्थेत हेच काम पाहतो. काम कसे चालते ते आधी लिहितो, कारण कामाचे स्वरूप कळल्याशिवाय पात्रतेची चर्चा हवेत राहते.

या अहवालाला आमच्याकडे सर्रास ‘कव्हरेज’ म्हणतात आणि त्याचा साचा अमेरिकी स्टुडिओंकडून आला आहे. सुरुवातीला संहितेचा तपशील असतो: प्रकार, काळ, स्थळ, पानसंख्या, कितवा ड्राफ्ट. मग लॉगलाइन, म्हणजे एक-दोन वाक्यांत कथेचा गाभा, त्यानंतर पान-दीड पानाचा कथासार, मग टिपणी, आणि शेवटी निर्णय. संहिता नाकारावी, विचारात घ्यावी की तिची शिफारस करावी, यांपैकी एक पर्याय वाचकाला निवडावाच लागतो. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंतील ‘स्टोरी ॲनालिस्ट’ चित्रपट-संकलकांच्या कामगार संघटनेचे, म्हणजे आयएटीएसईच्या लोकल ७००चे सभासद असतात. तिथे या कामाकडे कसब म्हणून पाहिले जाते आणि मोबदला करारानुसार ठरलेला असतो. मी जिथे जिथे काम केले तिथे ते विभागातल्या सर्वांत नवख्या माणसाकडे, इतर दहा कामांच्या जोडीला दिले जाई.

बहुतेकांना टिपणी महत्त्वाची वाटते आणि कथासार कारकुनी काम वाटते. मला मात्र वाचकाची खरी परीक्षा कथासारातच दिसते. कथासार लिहिताना ‘हे घडले म्हणून ते घडले’ हा क्रम वाचकाला स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो. संहितेत नसलेला दुवा हुशार वाचक नकळत स्वतःच भरून टाकतो, आणि मग कच्ची संहिता वरिष्ठांना सुबक दिसते. कंटाळलेला वाचक असलेला दुवा गाळतो आणि चांगली संहिता विस्कळीत दिसते. दोन्ही प्रकारांत वरिष्ठ ज्या गोष्टीवर निर्णय घेतात ती लेखकाने लिहिलेलीच नसते. जे पानावर आहे तेवढेच, त्याच वजनाने सांगणारा कथासार लिहिता येणे हे मोठे कौशल्य आहे, आणि फार थोड्या माणसांत मी ते पाहिले आहे.

टिपणीबद्दल एक काल्पनिक संहिता घेऊन सांगतो. लालबागमधली एक चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरकडच्या संमतीपत्रांच्या गठ्ठ्यात शशी या नायिकेला ३४व्या पानावर आपल्या वडिलांची सही दिसते. सहीखालच्या तारखेला वडील रुग्णालयात बेशुद्ध होते, हे तिला पक्के ठाऊक आहे. तरी ५१व्या पानापर्यंत ती हे कोणालाच सांगत नाही आणि ५२व्या पानावर चाळीच्या सभेत सगळ्यांसमोर बोलून टाकते.

अपात्र वाचक लिहितो: ‘मध्यंतरापूर्वीचा भाग रेंगाळतो. नायिका अधिक सक्रिय हवी. भावनिक आलेख स्पष्ट व्हावा.’ यातले एकही विधान खोटे म्हणता येणार नाही, पण लेखकाला त्यातल्या एकाचाही उपयोग नाही.

पात्र वाचक लिहितो: ‘३४ ते ५१ या पानांत शशी गप्प का राहते याचे कारण आपल्याला मिळत नाही. तिचा भाऊ बिल्डरच्याच कार्यालयात नोकरीला आहे ही माहिती ४७व्या पानावर एका ओझरत्या वाक्यात येते. ती ३४व्या पानाच्या आधी मिळाली असती तर शशीचे गप्प राहणे हा तिचा निर्णय ठरला असता. सध्या सभेचा प्रसंग लांबवण्यासाठी लेखकाने तिला गप्प ठेवल्यासारखे वाटते. सभेच्या प्रसंगातले संवाद या संहितेत सर्वांत ताकदीचे आहेत आणि त्यांचा जोर नेमका इथे कमी होतो.’

ही टीप पानाचा आकडा देते, तिथे काय बिघडले ते सांगते, बिघाड कुठून सुरू झाला ते दाखवते, आणि चांगल्या भागाचाही त्याच ओघात उल्लेख करते. असे लिहिणाऱ्याकडे कोणती पदविका आहे, हे विचारण्याची मला कधी गरज वाटलेली नाही.

तालीमखोली

नेपथ्य यांच्याशी मी सहमत आहे. रंगभूमीच्या अनुभवातून थोडी भर घालतो.

मुंबईच्या चित्रपटव्यवसायात संहिता वाचण्यापेक्षा ऐकण्याची सवय जुनी आहे. लेखक किंवा दिग्दर्शक निर्मात्यासमोर, नटासमोर बसून दोन-अडीच तास ‘नॅरेशन’ देतो आणि होकार-नकार तिथेच कळतो. आपल्या नाटकातही लेखकाने मंडळींना नाटक वाचून दाखवण्याची पद्धत आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्या वाचनातून नटाला लेखकाच्या मनातली लय मिळते. मात्र कसलेला वाचणारा आवाजाच्या चढउताराने, योग्य जागी घेतलेल्या विरामाने संहितेतली पोकळी सहज झाकतो, आणि ती पोकळी तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात उघडी पडते. याच्या उलटही होते. उत्तम लिहिणारा पण अडखळत वाचणारा लेखक दारातूनच परत जातो. लेखकाचा आवाज मध्ये न येता संहितेला सामोरा जाणारा पहिला माणूस म्हणजे व्यावसायिक वाचक, आणि म्हणून मला हे काम इतके मोलाचे वाटते.

त्याच्याकडे एक गोष्ट असलीच पाहिजे: पान वाचताना त्याला प्रसंग दिसला आणि ऐकू आला पाहिजे. समजा, संहितेत एवढेच लिहिले आहे: ‘आई चार ताटे घेते. थांबते. एक ताट परत मांडणीवर ठेवते.’ आधीच्या प्रसंगात थोरला मुलगा घर सोडून गेला आहे. संवाद चाळत जाणाऱ्या वाचकाला या तीन ओळींत काहीच घडलेले दिसत नाही. तो पुढे ‘आईची प्रतिक्रिया हवी’ अशी टीप लिहितो आणि लेखक बिचारा पुढच्या ड्राफ्टमध्ये आईला रडवतो. ज्याने तालमी पाहिल्या आहेत, संकलनाच्या टेबलाशी बसून एखादा प्रसंग घडताना पाहिला आहे, त्याला त्या ‘थांबते’मध्ये नटीचे काम दिसते. म्हणून निव्वळ साहित्याच्या अभ्यासावर मी विसंबणार नाही. वाचकाने कधीतरी सेटवर, तालमीत किंवा संकलनाच्या खोलीत वेळ घालवलेला असावा.

आणखी एक. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. सेन्सॉर बोर्ड मात्र पूर्ण झालेला चित्रपट पाहते. मंडळाच्या वाचनात आक्षेपार्ह काय आहे हे शोधायचे असते, आणि ते काम सर्वस्वी वेगळे आहे. अलीकडे काही कंपन्यांत कलात्मक वाचन करणाऱ्याकडूनच ‘यावरून वाद होईल का’ याचेही उत्तर मागितले जाते, असे ऐकतो. ही दोन वाचने वेगवेगळ्या माणसांनी करावीत. जोखीम शोधायला बसलेली नजर संहितेतल्या सर्वांत जिवंत जागेवरच आधी खूण करते.

कच्चाखर्डा

मी लेखक आहे आणि अजून माझ्या नावावर काही नाही. मागच्या वर्षी एका सल्लागाराला शुल्क देऊन माझ्या पटकथेचा अहवाल घेतला. त्यांच्या परिचयात दोन नावाजलेल्या मालिकांचा उल्लेख होता. आलेल्या अहवालात माझ्या एकाही पात्राचे नाव नव्हते, एकाही पानाचा आकडा नव्हता, आणि नायकाची ‘आंतरिक गरज’ व ‘बाह्य ध्येय’ यांवर एक परिच्छेद होता जो कोणत्याही पटकथेला जोडता आला असता. माझ्या कथेला नायक एक नाही, तीन बहिणी आहेत. विचारणा केल्यावर उत्तर आले नाही.

म्हणून नेपथ्य यांना विचारतो: शुल्क देण्यापूर्वी नमुना-अहवाल मागणे रीतीला धरून आहे का? आणि दुसरे, ज्याने स्वतः पटकथा लिहून विकलेली नाही त्याला आमच्या पटकथेबद्दल बोलण्याचा अधिकार कितपत मानावा? लेखकांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो.

नेपथ्य

नमुना जरूर मागावा. दुसऱ्या लेखकाच्या अप्रकाशित संहितेचा अहवाल दाखवणारा माणूस मात्र तिथेच बाद समजावा, कारण उद्या तो तुमचाही अहवाल कोणाला तरी दाखवील. प्रदर्शित झालेल्या आणि जिची संहिता उघडपणे उपलब्ध आहे अशा चित्रपटाचा अहवाल त्याने नमुना म्हणून द्यावा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत ठाम आहे. लिहिणे आणि वाचणे ही वेगवेगळी कसबे आहेत. ज्याने लिहून पाहिले आहे त्याला एखादी दुरुस्ती किती महाग पडेल याचा अंदाज असतो, हा मोठा फायदा. पण यशस्वी लेखकांपैकी अनेकांना दुसऱ्याची संहिता वाचताना ‘मी हे कसे लिहिले असते’ हा विचार आवरत नाही, आणि मग तुमच्या तीन बहिणींची एक बहीण होते. चांगला वाचक आधी विचारतो की ही संहिता काय व्हायला निघाली आहे, आणि त्या वाटेवर ती कुठे अडते हे दाखवतो. तुमच्या सल्लागाराने तीन नायिकांच्या कथेत एक नायक शोधला, याचा अर्थ त्याने एकच साचा शिकला होता आणि त्यापुढे पाहिलेच नाही. तीन अंकांची मांडणी माहीत असावीच. त्याचबरोबर अनेक पात्रांची समांतर कथा, मध्यंतराभोवती बांधलेली आपल्याकडची रचना, आणि आठ भागांच्या मालिकेत प्रत्येक भागाला लागणारा स्वतंत्र ताण, या सगळ्यांची ओळख असावी. मध्यंतर नावाची गोष्ट ज्याच्या अभ्यासात कधी आलीच नाही त्याने मराठी चित्रपटाच्या संहितेवर निकाल देऊ नये.

अपरान्त

भाषा आणि मांडणी यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

पानाला एक मिनिट हा ठोकताळा अमेरिकी मांडणीचा आहे. त्यात १२ पॉइंटचा कुरियर टंक असतो, प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते आणि संवाद मधल्या अरुंद पट्ट्यात येतात. आपल्याकडे कोणी डावीकडे दृश्य व उजवीकडे संवाद असे दोन रकाने करतो, कोणी सगळे देवनागरीत लिहितो, तर कोणी कृतीचे वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीतल्या हिंदी-मराठीत लिहितो. मांडणी बदलली की तो ठोकताळा लागू राहत नाही. मांडणी न पाहता ‘१५० पाने आहेत, म्हणजे चित्रपट अडीच तासांचा’ असे लिहिणारा वाचक अजून शिकाऊ आहे असे मी समजतो.

रोमन लिपीत मराठी वाचताना ल-ळ आणि न-ण यांतला भेद जातो, आणि बोली ओळखू येते ती नेमकी अशा खुणांवरून. वरळीच्या कोळीवाड्यातली बाई मालवणी बोलू लागली किंवा रायगडच्या आगरी म्हाताऱ्याच्या तोंडी पुण्याची वाक्ये आली, तर ते पकडणारा वाचक हवा. सगळ्या बोली एकाच माणसाला येणे शक्य नाही, म्हणून ‘या बोलीची मला ओळख नाही, संवाद जाणकाराकडून तपासून घ्यावेत’ असे अहवालात लिहिण्याचा सरळपणा मी पात्रतेतच धरतो. संवाद कळले नाहीत म्हणून ‘संवाद सपाट आहेत’ असा शेरा मारलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्यांमुळे नाकारल्या गेलेल्या संहितांबद्दल मला आजही वाईट वाटते.

कलमबहाद्दर

वकिलीच्या बाजूने थोडे लिहितो. वाचकाच्या पात्रतेत सचोटीचा भाग मोठा आहे आणि त्याला कायद्याची कारणे आहेत.

आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये स्पष्ट केले की नुसती कल्पना, विषय किंवा कथावस्तू यांवर कॉपीराइट नसतो. तो ती कल्पना ज्या स्वरूपात मांडली जाते त्यावर असतो. म्हणजे वाचकाने तुमच्या संहितेतली मध्यवर्ती कल्पना उचलून दुसऱ्याला सांगितली तर केवळ कॉपीराइटच्या आधाराने तुमची बाजू लंगडी पडू शकते. अशा वेळी गोपनीयतेचा आधार उरतो. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००३मध्ये, विश्वासाने सांगितलेल्या आणि पुरेशा विकसित केलेल्या संकल्पनेला या तत्त्वाखाली संरक्षण दिले. म्हणून वाचकाशी गोपनीयतेचा लेखी करार असावा, संहिता कोणत्या तारखेला कोणाला पाठवली याचा ईमेल जपून ठेवावा, आणि पाठवण्यापूर्वी पटकथालेखकांच्या संघटनेकडे, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, संहितेची नोंदणी करावी. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते.

वाचकाच्या बाजूनेही एक पथ्य आहे. त्याच विषयावर तो स्वतः लिहीत असेल तर संहिता उघडण्यापूर्वीच त्याने तसे कळवून ती परत करावी. हे पथ्य पाळणारा माणूस बाकीच्या बाबतीतही बहुधा नीट असतो. अलीकडे काही जण पूर्ण संहिता एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेत टाकून सारांश काढून घेतात. लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय असे करणे गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरू शकते, म्हणून करारात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

पश्चिमद्रुतगती

सर्वांचे आभार. एक अडचण उरते. दोन पात्र वाचक एकाच संहितेवर उलट निर्णय देतात तेव्हा काय समजायचे? शेवटी हा आवडीनिवडीचा भाग आहे, असे म्हणून सगळी चर्चाच मोडीत काढणारेही भेटतात.

नेपथ्य

निर्णय वेगळे असू शकतात. निरीक्षणे फारशी वेगळी असू नयेत. आमच्याकडे नवा वाचक घेताना आम्ही त्याला अशी एक संहिता देतो जी विभागातल्या दोघा-तिघा अनुभवी माणसांनी आधीच वाचलेली असते. त्याने ‘शिफारस’ लिहिली की ‘नकार’, याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. शशीच्या त्या सतरा पानांसारखी जागा त्याला सापडली का, हे पाहतो. एकाला ती जागा दुरुस्त होण्याजोगी वाटेल, दुसऱ्याला तिथेच संहिता हातातून गेली असे वाटेल, पण दोघांनाही ती दिसली पाहिजे. आवडनिवड त्यानंतर सुरू होते, आणि तीही त्याने उघड लिहावी: ‘भयपट हा माझ्या आवडीचा प्रकार नाही, तरी या प्रकाराच्या प्रेक्षकासाठी हा प्रसंग परिणामकारक आहे.’ असे वाक्य अहवालात दिसले की त्या वाचकावरचा माझा विश्वास वाढतो.

‘संहिता चांगली आहे का’ आणि ‘ही संस्था ती करील का’ हे दोन प्रश्नही वेगळे ठेवावे लागतात. फ्रँकलिन लेनर्ड यांनी २००५मध्ये हॉलिवूडमधल्या डेव्हलपमेंटच्या लोकांना, आवडलेल्या पण अजून चित्रपट न झालेल्या पटकथा कोणत्या, असे विचारून ‘ब्लॅक लिस्ट’ सुरू केली आणि नंतर त्या याद्यांतल्या अनेक पटकथांचे चित्रपट झाले. म्हणजे वाचणाऱ्यांना त्या आवडल्या होत्याच, त्यांच्या संस्थांचे गणित तेव्हा जुळले नव्हते. अर्थसंकल्प, कलाकारांच्या तारखा, त्याच विषयाचा दुसरा प्रकल्प आधीच हाती असणे, अशी कारणे नकारामागे असतात. पात्र वाचक ती कारणे गुणवत्तेच्या शेऱ्यात मिसळत नाही. ‘लिखाण उत्तम, आपल्या सध्याच्या खर्चात बसत नाही’ असे तो स्वच्छ लिहितो, त्यामुळे चार महिन्यांनी परिस्थिती बदलली की ती संहिता पुन्हा काढता येते. आणि ‘लेखकाकडे लक्ष ठेवावे’ अशी वेगळी नोंदही तो करतो. मराठीतल्या नव्या लेखकांच्या दृष्टीने ही नोंद फार महत्त्वाची आहे, कारण पहिली संहिता नाकारली गेली तरी तिच्यामुळेच त्यांना दुसऱ्या कामासाठी बोलावणे येऊ शकते.

कच्चाखर्डा

शेवटचा प्रश्न. वाचकाने दुरुस्ती सुचवावी का, की फक्त दोष दाखवावा? माझ्या परिचयातले लेखक यावर दोन्हीकडून भांडतात.

तालीमखोली

दोष कुठे आहे हे त्याने नि:संदिग्ध लिहावे. दुरुस्ती सुचवायचीच असेल तर दोन-तीन शक्यता द्याव्यात आणि प्रत्येकीची किंमतही सांगावी. भावाच्या नोकरीची माहिती आधी आणली तर शशीचे मौन समजते, पण सभेतला धक्का थोडा कमी होतो. नोकरीचा धागाच काढून टाकला तर मौनाला दुसरे कारण शोधावे लागते. एवढे मांडून झाले की तिथे थांबावे. आणि तुमच्यासारख्या, स्वतःच्या खिशातून शुल्क देणाऱ्या लेखकाने आधीच ठरवून घ्यावे की अहवाल वाचल्यानंतर तासभर प्रत्यक्ष किंवा फोनवर प्रश्न विचारता येतील. लेखी अहवालात जे धूसर राहिले ते त्या तासात कळते, आणि वाचकाने संहिता खरोखर वाचली आहे की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळते.